पेल्यामागचा उजेड

लातुरात गंजगोलाईकडून आत वळलं की ‘मन्मथ फोटो’ विचारायचं, कुणीही हात करून दाखवतं. दुकान मन्मथअप्पांचं. चालवतो त्यांचा मुलगा बसवराज, आणि फोटो काढते सून, मंजुश्री. ही शेवटची गोष्ट मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

लग्न होऊन आली तेव्हा मंजुश्रीला कॅमेऱ्याचं झाकण कुठल्या बाजूनं निघतं तेही ठाऊक नव्हतं. बायकांकडचे फोटो काढायला बाईमाणूस हवं म्हणून अप्पांनी तिच्या गळ्यात कॅमेरा अडकवला, आणि पोरगी अशी काही शिकली की पुढं पुढं वरपक्षाचे लोकच विचारायचे, बाई स्वतः येणार आहेत ना? पण अल्बम तयार झाला की प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात अप्पांचा जुना शिक्का दाबला जायचा. कागदावर अक्षरं उठायची, ‘मन्मथ फोटो, लातूर’. लोक पानं उलटायचे आणि म्हणायचे, “अप्पांच्या हाताला तोड न्हाई बघा.” अप्पांच्या हाताला तोवर कंप सुटला होता. ते गल्ल्यावर बसून पासपोर्टचे फोटो कापायचे, तेही जरा तिरपेच. मंजुश्री ऐकायची, हसायची आणि आतल्या आत जळायची. का जळू नये? राबायचं एकानं आणि वाहवा दुसऱ्याची, हे कुणाला गोड लागतं सांगा.

अशात नांदेडहून मुकुल आला.

मुकुल मास्तरांच्या घरातला. आई इंदूताईंनी जन्मभर शाळेत शिकवलं, आणि त्यांचा पोरगा शिकूनसवरून दारू मिसळायचा उस्ताद झाला! आधी जहाजावर, मग गोव्याच्या हॉटेलांत. कॉकटेल म्हणजे दारूत रस, मसाला, आंबट-गोड मिसळून केलेलं पेय, तेच करण्यात त्याची हयात चाललेली. आता घरी परतून तो कॉकटेलचं पुस्तक लिहीत होता, तेही मराठीत आणि आपल्या मुलखातली चिंच, कवठ, बोरं, सीताफळ, गूळ घालून. त्याच्या चुलतबहिणीच्या, भार्गवीच्या लग्नाचे फोटो मंजुश्रीनं काढले होते. त्यातला एक फोटो नवरीच्या आईनं ‘अगंबाई, ह्यात तर माणूसच नाही’ म्हणून अल्बममधून काढायला लावला होता. खिडकीत विसरलेला पन्ह्याचा पेला, मागून आलेलं ऊन, आणि काचेवरून घसरता घसरता थांबलेला एक थेंब. मुकुलनं तो फोटो तेव्हापासून मोबाइलमध्ये जपून ठेवला होता.

“मला हा हात पाहिजे,” तो दुकानात उभा राहून म्हणाला. “पुस्तकातले सगळे फोटो ताईंनी काढावेत.”

शेजारचे भांड्यांचे दुकानदार गुरुबसप्पा तेव्हा तिथंच होते. ते रोज सकाळी पेपर न्यायला यायचे आणि पेपरात नसलेल्या बातम्याही घेऊन जायचे. “शिवा शिवा!” ते म्हणाले. “लिंगायताच्या दुकानात येऊन दारूचं बोलायलाय हे पोरगं!”

“काका, प्यायला नाही सांगत. फोटो काढायला सांगतोय.”

बसवराजनं भिंतीवरच्या बसवेश्वरांच्या तसबिरीकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. अप्पांनी कात्री बाजूला ठेवली. “पोरीच्या गळ्यात लिंग हाय. ती दारूला हात लावणार न्हाई.”

“दारूला हात मी लावेन, अप्पा. त्यांनी फक्त कॅमेऱ्याला लावायचा.”

 आलेलं काम परतवून लावणं अप्पांच्या स्वभावात नव्हतं, आणि हे काम गळी उतरवणंही जमत नव्हतं. शेवटी म्हणाले, “तिची मर्जी. पन माझा शिक्का दारूच्या पुस्तकावर बसणार न्हाई. मेलो तरी न्हाई.”

“नका बसवू,” मंजुश्री म्हणाली. “माझं नाव टाकू द्या.”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पण बोललेलं बरोबरच होतं. जिथं अप्पांचा शिक्का जाणार नव्हता, तिथंच तिचं नाव जाऊ शकत होतं. इतकी वर्षं चांगल्याचुंगल्या जागा सगळ्या शिक्क्यानं अडवलेल्या. मग ही अशी तर अशी, पण जागा मिळत होती. तिला तिचं नाव छापलेलं बघायचं होतं, बस्स. बाकी लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

“आधी जमतंय का बघ,” अप्पा म्हणाले. “नावाचं मागून.”

अप्पांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. लातूरची फोटोग्राफर म्हटल्यावर पुण्याच्या प्रकाशकबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्यांच्याकडं पुण्याचा एक माणूस तयारच होता. नमुन्याचे तीन फोटो पाठवा, आवडले तर बघू, असा त्यांचा निरोप. मंजुश्रीनं लाइटं, स्टँड, उजेड पसरवायच्या छत्र्या असं लग्नाचं सगळं सामान घेतलं आणि अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेड गाठलं. मुकुलचं घर विष्णुपुरीच्या रस्त्याला. पुढच्या खोलीत त्यानं टेबल मांडून ठेवलं होतं.

पहिलं कॉकटेल चिंच-गुळाचं. पसरट तोंडाचा, उंच दांड्याचा पेला मुकुलनं टेबलावर आणून ठेवला आणि दुसऱ्याच्या तयारीला स्वयंपाकघरात गेला. मंजुश्रीनं कॅमेऱ्यातून बघितलं. मग कॅमेरा खाली करून बघितलं. पेला अर्धाच!

आता ह्यात तिचा काय दोष? सासरी आली त्या दिवशी सासूबाईंनी, शांतम्मांनी, पहिली शिकवण दिली होती ती हीच की पाहुण्यापुढं अर्धा पेला ठेवायचा न्हाई, घराची अब्रू जाते. आणि हा तर पुस्तकात जाणार, गावोगाव दिसणार. घाईत पोराचा हात आखडला असेल, असं तिला वाटलं. कोपऱ्यात पाण्याचा जग होता. मुकुलनं ओतलेल्या पेल्याला बोट न लावता तिनं वरून पाण्याची धार सोडली आणि पेला काठोकाठ केला. तेवढ्यात इंदूताई आत आल्या. पेल्याकडं बघून म्हणाल्या, “हां, आता कसं भरल्या घरासारखं दिसतंय!” घ्या! एक लिंगायताची, एक मास्तरांच्या घरातली, दोघींचंही ह्या बाबतीत एकमत. मग काय, तिन्ही पेले असेच भरले. समोरून दोन्ही लाइटं टाकून, नवरी सजवून बसवावी तसे तिनं ते टिपले. मुकुलला रंग जरा फिका वाटला होता, पण लाइटांमुळं असेल म्हणून तो काही बोलला नाही. फोटो पुण्याला गेले.

मुकुलनं बाईंचा फोन स्पीकरवर घेतला, आणि तीच चूक झाली.

“मुकुल, हे कॉकटेल आहे की पंगतीतलं सरबत? पेले ओसंडून चाललेत, रंग धुतल्यासारखा, आणि प्रत्येक काचेवर ते दोन पांढरे चौकोन कसले? लाइटं दिसतायत ती! मी पुण्याच्या माणसाला कळवते.”

मुकुलनं लॅपटॉपवर फोटो मोठा करून बघितला. “ताई, मी तर एवढं ओतलं नव्हतं.”

“मी पाणी घातलं,” मंजुश्रीनं सरळ सांगून टाकलं. “अर्धा पेला ठेवतात व्हय कुणापुढं?”

मुकुलनं आधी कपाळाला हात लावला आणि मग तो असा हसत सुटला की खाली फरशीवरच बसला. इंदूताईंनी त्याला दटावलं, पण त्यांचाही पदर तोंडाला गेलेला. वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवतात, तिथं वास साठतो, नाक आधी पितं मग माणूस, असं त्यानं समजावून सांगितलं. मंजुश्री हसली नाही. तिचे कान तापले होते. अप्पांचे शब्द आठवत होते, आधी जमतंय का बघ.

“त्या बाईंना परत फोन लावा,” ती म्हणाली. “म्हणावं, एकदा अजून. तिन्ही फोटो नव्यानं काढते. मग बी न्हाई जमले तर पुण्याच्या माणसाला माझा नमस्कार सांगा.”

बाई कशाबशा तयार झाल्या, आठवड्याच्या बोलीवर.

परतीच्या एसटीत तिनं मोबाइलवर तो पन्ह्याचा फोटो उघडला आणि लोह्यापासून लातूर येईपर्यंत त्याच्याकडंच बघत बसली. हा पेलाही काचेचाच होता, मग हा जिवंत का आणि ते तिन्ही मढ्यासारखे का? अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, शेंगदाणेवाले चढले आणि उतरले, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. पन्ह्याच्या मागून ऊन येत होतं. माणसाच्या तोंडावर उजेड टाकला की तोंड उजळतं. काचेच्या तोंडावर टाकला तर ती तो उजेड तसाच परत फेकते. काचेला उजेड मागून पाहिजे आणि तोही पसरलेला, मऊ.

असा उजेड तिनं घरातच बघितला होता. माळ्यावर अप्पांचं जुनं रिटचिंगचं डेस्क पडून होतं. फिल्मच्या जमान्यात अप्पा त्याच्या दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवायचे, मागून दिवा लावायचे आणि बारीक पेन्सिलीनं नवऱ्यामुलींच्या गालांवरचे देवीचे व्रण पुसायचे.

“ते डेस्क पाहिजे होतं, अप्पा,” ती घरी आल्या आल्या म्हणाली.

“कशाला?”

तिनं सांगितलं. अप्पांचा चेहरा आवळत गेला. “गावातल्या लेकीबाळींची तोंडं साफ केली मी त्या काचेवर. तुझ्या सासूचा पहिला फोटो त्याच्यावरच झाला. त्याच्यापुढं दारूचा पेला मांडायचा? न्हाई देणार.”

तिला राग आला, लई राग आला. पण ती मिनतवारी करायला बसली नाही. बाजारात गेली, खिडकीच्या काचेचे दोन तुकडे कापून आणले, बांधकामावरून ओंजळभर वाळू मागून आणली आणि दुकानामागच्या अंगणात फतकल मारून काच घासायला बसली. करकर, करकर असा आवाज, की दात शिवशिवावेत.

“काय करायलीस ग बाई?” शांतम्मा आतून ओरडल्या.

“काच दुधी करायलेय, अत्याबाई!”

“कानाचे पडदे फाटायलेत माझे!”

अप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आवाज ऐकत होते आणि ऐकलं नाही असं दाखवत होते. मंजुश्री घासत राहिली. हाताची सालटं निघायची वेळ आली, काचेवर ओरखड्यांशिवाय काही उमटत नव्हतं, तरी ती घासत राहिली. शेवटी अप्पांनाच राहवलं नाही.

“वाळू भिजव.”

तिनं मान वर केली.

“कोरड्या वाळूनं ओरखडे पडायलेत. आवाजावरनं कळत न्हाई का? वस्त्रगाळ कर, पाण्यात भिजव, एका काचेवर टाक अन् वरनं दुसरी ठेवून गोल फिरव. जोर लावू नको. वजन काचेचंच पुरे हाय.” एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. “दारूसाठी सांगायलो न्हाई मी. काच खराब होयली म्हणून सांगायलो.”

“हाव, अप्पा,” मंजुश्री म्हणाली. वाळू गाळायला तिनं स्वतःची जुनी ओढणी फाडली. दिवेलागणीपर्यंत काच साईसारखी झाली होती.

ह्या खेपेला नांदेडला जाताना तिनं लग्नाचं सामान घरीच ठेवलं. एक लाइट घेतला, चादरीत गुंडाळलेली दुधी काच मांडीवर घेतली आणि एक सोनेरी लग्नपत्रिका. मुकुलच्या खोलीत तिनं खिडक्या लावून घेतल्या, काच उभी केली, तिच्यामागं लाइट लावला. समोरून शिंतोडाभरही उजेड पडू नये म्हणून इंदूताईंची काळी शाल टांगली. पेयाचा रंग उजळावा म्हणून पत्रिकेचा सोनेरी कागद पेल्याच्या मापानं कापून पेल्यामागं असा तिरका उभा केला की कॅमेऱ्यातून त्याचा काठसुद्धा दिसू नये. रिकाम्या पेल्यात साधं पाणी घालून तिनं जागा ठरवली, बदलली, पुन्हा ठरवली. दुपार टळली. मुकुल म्हणाला, “ताई, बास की आता, छान दिसतंय.” ती म्हणाली, “अजून न्हाई.” इंदूताई जेवायला हाक मारून दमल्या.

मग म्हणाली, “हां. आता आणा तुमचं.”

मुकुलनं चिंच-गुळाचं ओतलं. अर्धा पेला. मंजुश्रीचा उजवा हात खरोखर शिवशिवला हो, जग तिथंच होता! तिनं तो हात कमरेवर ठेवला आणि डोळा कॅमेऱ्याला लावला.

“अर्धाच?” इंदूताई कुजबुजल्या.

“अर्धाच, इंदूताई. वरती उजेडाला जागा पाहिजे.”

पेल्यातली चिंच आतून पेटल्यासारखी लालतांबूस झाली होती. बर्फाच्या कडा दिसत होत्या, आणि वरच्या मोकळ्या काचेवर बाष्पाचा एक थर हळूहळू धरत होता. त्यातून एक थेंब सुटेल असं तिला वाटलं आणि ती थांबली. बर्फ विरघळायला लागला, मुकुल चुळबुळला, तरी ती थांबली. थेंब सुटला, अर्ध्या वाटेवर आला, तेव्हा तिनं बटण दाबलं.

प्रकाशकबाईंचा ह्या वेळी फोन आला नाही. एका ओळीचा निरोप आला, पुण्याच्या माणसाला नाही म्हणून कळवलं आहे.

पुढचे काही महिने ती काच मांडीवर घेऊन नांदेडला जात-येत राहिली. कवठाचं, बोराचं, सीताफळाचं, ओव्याचं, सगळी कॉकटेलं तिनं काढली आणि एकाचाही थेंब चाखला नाही. पण लातुरात ऐकून घ्यायला कोण बसलंय? गुरुबसप्पांनी पेपराबरोबर बातमीही वाटली. मन्मथअप्पाची सून नांदेडला बारमध्ये जायलीय म्हणं! सिद्धम्मा नावाच्या ओळखीतल्याच बाई, त्यांनी लेकीच्या लग्नाचं बुकिंग मोडलं. दारूचे फोटो काढणारा हात लग्नात नको म्हणाल्या. त्यांच्या थोरलीच्या लग्नाचे फोटो मंजुश्रीनंच काढले होते, आणि तो अल्बम त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असत. मंजुश्रीला ते फार लागलं. ती मोरीत नळ सोडून रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली.

त्याच आठवड्यात पुण्याहून विचारणा आली की पुस्तकात नाव कसं छापायचं? बसवराज गरीब स्वभावाचा माणूस. तो हात जोडल्यासारखा म्हणाला, “काम झालं, चांगलं झालं. आता नाव नको टाकू. नुसतं ‘लातूर’ म्हणून टाकायला सांग. लोक विसरतील.”

“विसरतील म्हणूनच टाकायचंय,” मंजुश्री उसळली. “ताकाला जाऊन गाडगं कशाला लपवायचं? मी चोरी केली का कुणाची? जहर कालवलं का? लग्नं काढली तेव्हा माझं नाव न्हाई, कारण शिक्का हाय. आता शिक्का न्हाई तरी माझं नाव न्हाई. मग माझं नाव ठेवलंय तरी कशाला? पत्रिकेपुरतं?”

अप्पा गल्ल्यावरच होते. फोटो कापत होते. ते ‘न्हाई’ म्हणाले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. पण त्यांची कात्री चालूच राहिली. मग तिनं त्यांच्यासमोर उभं राहून पुण्याला फोन लावला आणि एकेक अक्षर सोडवून सांगितलं, “मंजुश्री उस्तुर्गे. लातूर.”

पुस्तक कुरियरनं आलं तेव्हा ती एका बारशाला गेली होती. परत आली तर दुकानाच्या दारातच तिचे पाय थांबले. फाडलेलं पाकीट गल्ल्यावर, आणि अप्पा पुस्तकावर वाकलेले. डोळ्याला रिटचिंगचं जुनं भिंग. पान उलटायचं, भिंग पेल्याच्या काठावरून फिरवायचं, पुढचं पान. समोर पेपर न्यायला आलेले गुरुबसप्पा.

“अप्पा! ह्या वयात दारूचं पुस्तक बघायलाव?”

“दारू तुला दिसायली,” अप्पा डोळा न उचलता म्हणाले. “मला उजेड दिसायलाय.”

“बरोबर हाय. दिवेच लावलेत तुमच्या सुनेनं.”

अप्पांनी भिंग काढून गल्ल्यावर ठेवलं. पुस्तकाची सुरुवातीची पानं उलटली आणि एका जागी कापरं बोट टेकवून पुस्तक गुरुबसप्पांकडं सरकवलं. “तुझी नजर चांगली हाय. हे बारीक अक्षर वाच.”

गुरुबसप्पांनी चष्मा नाकावर ओढला. “छायाचित्रे,” ते पुटपुटले, “मंजुश्री उस्तुर्गे, लातूर.”

“ऐकू आलं न्हाई.”

“छायाचित्रे, मंजुश्री उस्तुर्गे.”

“अजून मोठ्यानं. सगळ्या गल्लीला सांगत फिरलास की तू. मग आता का आवाज बसला?”

गुरुबसप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण अप्पांपुढं त्यांचं काही चालत नव्हतं, पहिल्यापासूनच. त्यांनी घसा खाकरला आणि बाजारात भाव पुकारावा तसं ओरडले, “मंजुश्री उस्तुर्गे!”

रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. आतून शांतम्मांचा आवाज आला, “मंजू! अगं कोन हाक मारायलंय बघ की तुला!”

मंजुश्री दारातच उभी होती. तिनं ओ दिली नाही. तिला अजून एकदा ऐकायचं होतं.